लागणे आणि मुरणे : खाऱ्या पाण्याची नवी टाकी

खाऱ्या पाण्याची टाकी भरली, पंप सुरू झाला, पाणी निवळून नितळ झाले, तरी ती टाकी माशासाठी तयार झालेली नसते. पाणी स्वच्छ दिसते, पण माशाच्या मलमूत्राचा आणि उरलेल्या खाद्याचा निचरा करणारे सूक्ष्मजीव त्यात अजून वसलेले नसतात. आधी ते वसावे लागतात. मग त्यांच्यामागून शेवाळ, गोगलगायी, कृमी आणि डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव येतात आणि एकमेकांच्या आधाराने राहू लागतात. या सगळ्याला जो काळ लागतो, त्याला हौशी लोक ‘टाकी बसणे’ किंवा ‘सायकल होणे’ म्हणतात.

हा काळ किती धरावा, याबद्दल दोन मते आहेत. पहिले मत म्हणते की जे मोजता येते ते दिनदर्शिकेवर सोडू नये. योग्य जिवाणू घालावेत, पाणी तपासावे आणि आकडे बरोबर आले की मासे आणावेत. दुसरे मत म्हणते की तपासणीत दिसते ते टाकीचे एकच अंग असते आणि बाकीची अंगे केवळ काळाने तयार होतात. ही दोन मते इथे एका भाचीच्या आणि तिच्या मामाच्या तोंडी घातली आहेत. भाची सूक्ष्मजीवशास्त्र शिकते, मामाने वीस वर्षे टाक्या सांभाळल्या आहेत. दोघांसमोर आहे ठाण्यातल्या एका घरातली दोनशे लिटरची नवी टाकी.

अमोनियाचा प्रश्न

मासा प्रथिने खातो आणि त्यांतला जादा नायट्रोजन मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. समुद्रात तो अथांग पाण्यात विरून जातो. दोनशे लिटरच्या टाकीत त्याला जायला वाट नसते. पाण्यात अमोनियाची दोन रूपे असतात. अमोनियम आयन हे त्यातले सौम्य रूप. मुक्त अमोनिया मात्र कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून थेट रक्तात शिरतो आणि तोच घातक असतो. कोणते रूप किती, हे मुख्यतः पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरते. सामू ७ असलेल्या गोड्या पाण्यात एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भाग मुक्त असतो. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.२ च्या आसपास असतो आणि २५ अंश सेल्सिअसला तिथे हाच भाग सहा-सात टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, पण विष दहा-बारा पट. गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई खाऱ्या पाण्यात अंगाशी येते, त्याचे पहिले कारण हे.

भाची : मग उत्तर सरळ आहे, मामा. अमोनिया खाणारे जिवाणू कोण, हे आपल्याला माहीत आहे. ते बाटलीत मिळतात. दूध कोमट करून विरजण लावलं की सकाळी दही तयार असतं. तसंच टाकीला विरजण लावायचं. महिना-महिना नुसतं पाण्याकडे बघत का बसायचं?

मामा : विरजण लावायला माझी ना नाही. पण दह्यातले जिवाणू आणि हे जिवाणू एका चालीने वाढत नाहीत.

मामाच्या म्हणण्याला आकड्यांचा आधार आहे. दह्यातले जिवाणू उबदार दुधात तासाभरात, कधी त्याहूनही लवकर दुप्पट होतात. दहा वेळा दुप्पट झाले की संख्या हजारपटीच्या वर जाते, म्हणजे दहा तासांत काम होते. अमोनियावर जगणारे जिवाणू अमोनियाचे ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात. ही ऊर्जा फार थोडी असते आणि शरीर बांधायला लागणारा कार्बनही त्यांना पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून घ्यावा लागतो. त्यामुळे टाकीतल्या परिस्थितीत त्यांना दुप्पट व्हायला साधारण दिवस लागतो असे धरता येते. दह्याला जे दहा तास, ते यांना दहा दिवस. शिवाय अमोनियाचे नायट्राइट करणारे जिवाणू वेगळे आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे वेगळे. पहिल्यांनी नायट्राइट तयार केल्याशिवाय दुसऱ्यांना पुरेसे अन्न मिळत नाही. म्हणून जिवाणू न घालता सोडलेल्या टाकीत आधी अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढते, तेही उतरले की नायट्रेट साठू लागते आणि या साऱ्याला साधारणपणे चार ते सहा आठवडे जातात.

वीस दिवसांचा प्रयोग

हा विलंब जिवंतपणाचीच खूण आहे, हे विज्ञानाला कळले तेही एका थांबण्यातूनच. १८७७ साली श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीने भरलेल्या एका लांब नळीतून सांडपाणी हळूहळू झिरपू दिले. जवळपास वीस दिवस काहीच बदल झाला नाही. वरून घातलेले अमोनियायुक्त पाणी खालून तसेच बाहेर येत होते. मग अमोनिया नाहीसा होऊ लागला आणि त्याच्या जागी नायट्रेट दिसू लागले. हे काम निव्वळ रासायनिक असते तर पहिल्या दिवसापासून व्हायला हवे होते. वीस दिवस लागले, याचा अर्थ वाळूत काहीतरी वाढत होते. खात्रीसाठी त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली आणि क्रिया थांबली. मग बागेतल्या मातीचे धुवण घातले आणि ती पुन्हा सुरू झाली.

भाची : बघ, शेवटची ओळ माझ्या बाजूची आहे. मातीचं धुवण म्हणजे विरजणच की. ते घातल्याबरोबर गाडी पुन्हा चालू झाली.

मामा : आणि पहिली ओळ माझ्या बाजूची. वीस दिवस त्यांनी नळी फोडली नाही, वाळू बदलली नाही, काही बिघडलंय असं समजून पाणी ओतून दिलं नाही.

या गोष्टीला एक जोडकथा आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० साली केमिकल सोसायटीपुढे आपल्या काचटाकीचा वृत्तांत ठेवला. टाकीत गोल्डफिश होते आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती होती. वनस्पतीची पाने कुजून पाणी गढूळ होऊ लागले, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजका भाग खाल्ला आणि टाकी स्थिरावली. पुढे त्यांनी समुद्राच्या पाण्यावरही असेच प्रयोग केले. त्यांना टाकीचा समतोल साधला, पण पाण्यातला अमोनिया कोण पचवतो हे त्या काळी कोणालाच ठाऊक नव्हते. त्यांचा मुलगा, त्याचेही नाव रॉबर्ट वॉरिंग्टनच, इंग्लंडमधल्या रॉथमस्टेडच्या शेतीसंशोधन केंद्रात मातीतल्या याच क्रियेचा अनेक वर्षे अभ्यास करत राहिला आणि ती दोन टप्प्यांत होते, दोन वेगळे जीव ती करतात, असे त्याने दाखवले. ते जीव वेगळे काढणे त्याला जमले नाही. ते १८९० च्या सुमारास झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राडस्की यांना जमले. टाकी स्थिर करणारा बाप आणि तिचे कारण शोधणारा मुलगा, अशा दोन पिढ्या या एका प्रश्नामागे गेल्या.

भाची : आणि तरीही शंभर वर्षं आपण चुकीचं नाव घेत होतो. नायट्राइट खाणारा जिवाणू म्हणजे नायट्रोबॅक्टर, असं पुस्तकांत छापलेलं होतं. १९९८ मध्ये गोड्या पाण्याच्या टाक्यांवरचं संशोधन आलं, त्यात हे काम नायट्रोस्पायरा करतो असं दिसलं. २००५ मध्ये तर सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयातल्या खाऱ्या टाकीतून अमोनिया खाणारा असा जीव वेगळा काढला, की तो जिवाणूच नव्हे, आर्किया या निराळ्या गटातला आहे. त्याचं नाव नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. आता कोणता जीव घालायचा हे नीट कळलंय, म्हणून आजचं विरजण चांगलं लागतं.

मामा : हे मला मान्य आहे. माझ्या तरुणपणी बाटल्यांवर माझा विश्वास नव्हता. आता चांगल्या बाटलीने दोन आठवड्यांत काम होतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. पण बाटली उन्हात राहिली, गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिली, तर आत काय जिवंत उरलं हे तुला कसं कळणार?

भाची : तपासून.

तपासणी कशी होते

पूर्वी नवी टाकी बसवण्यासाठी तिच्यात डॅमसेलसारखे काटक आणि स्वस्त मासे सोडत. त्यांच्यापासून अमोनिया येई, जिवाणू वाढत आणि मासे जगले तर जगत. आज हे करण्याचे कारण उरलेले नाही. अमोनिया हवा असेल तर तो थेट घालता येतो. अमोनियम क्लोराइड म्हणजे आपला नवसागर. तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारा कथील लावण्यापूर्वी भांड्यात टाकतो आणि ज्याचा पांढरा धूर उठतो, तोच हा पदार्थ. टाकीसाठी मात्र कल्हईचा नवसागर वापरू नये, कारण त्यात कोणते धातू मिसळले असतील हे सांगता येत नाही. प्रयोगशाळेच्या प्रतीचा शुद्ध क्षार शंभर लिटरला अर्ध्या ग्रॅमपेक्षा थोडा जास्त घातला की अमोनियाचे प्रमाण लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम होते.

मग परीक्षा सुरू होते. काचेच्या छोट्या नळीत टाकीचे पाच मिलिलिटर पाणी घ्यायचे, संचातल्या बाटल्यांतले थेंब मोजून टाकायचे, झाकण लावून नळी हलवायची आणि पाच मिनिटे थांबायचे. नळी पांढऱ्या कागदासमोर धरून दिवसाच्या उजेडात पाहायची. निव्वळ पिवळा रंग म्हणजे अमोनिया नाही. पिवळ्यात कच्च्या कैरीची झाक आली की अमोनिया आहे, गडद हिरवा झाला तर भरपूर आहे. रात्री पिवळट दिव्याखाली हा फरक डोळ्यांना फसवतो, म्हणून घाईत रात्री केलेली तपासणी धरू नये. आज घातलेला २ मिलिग्रॅम अमोनिया उद्या त्याच वेळी शून्यावर आला आणि नायट्राइटही शून्य दिसले, तर जिवाणूंची वसाहत माशांचा पहिला भार पेलण्याइतकी वाढली आहे.

भाची : आणि मामा, खाऱ्या पाण्यात नायट्राइटची भीती थोडी फुगवलेलीच आहे. गोड्या पाण्यात ते कल्ल्यांतून रक्तात जातं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद घालवतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की कल्ल्यांच्या त्याच दारातून आत शिरायला नायट्राइटला फारशी संधीच मिळत नाही.

मामा : तेही बरोबर. मी नायट्राइट बघतो ते माशाच्या भीतीने नाही. दुसरा टप्पा सुरू झाला की नाही, ते त्याने कळतं. तो टप्पा अर्धवट असताना टाकी भरली तर पुढची महिनाभराची डोकेदुखी ठरलेली.

इथवर दोघांत फारसा मतभेद उरत नाही. नायट्रोजनचे चक्र मोजता येते आणि जे मोजता येते त्याबाबत भाचीचा मार्ग बरोबर आहे. चांगली वसलेली, रोगमुक्त अशी जुनी टाकी ओळखीत असेल तर तिच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा किंवा सिरॅमिकचे खडे हे बाटलीपेक्षाही खात्रीचे विरजण ठरते. मतभेद सुरू होतो तो त्यानंतर.

कुरूप दिवस

अमोनिया शून्यावर आल्यावर दोन-तीन आठवड्यांत बहुतेक टाक्या दिसायला बिघडतात. वाळूवर आणि काचेवर तपकिरी पूड बसल्यासारखा थर येतो. हे डायाटम. त्यांच्या पेशीभोवती सिलिकाची पेटी असते आणि नळाच्या पाण्यातून व नव्या वाळूतून येणाऱ्या सिलिकावर ते वाढतात. नंतर कोपऱ्यात, जिथे प्रवाह मंद असतो तिथे, लालसर जांभळी बुळबुळीत साय येते. तिला शेवाळ म्हणतात, पण ती सायनोबॅक्टेरियाची चादर असते. मग खडकांवर हिरव्या केसांसारखे शेवाळ येते. टाकीच्या मालकाला वाटते की आपले काहीतरी चुकले.

भाची : चुकतंच की. फॉस्फेट वाढलेलं असतं, दिवा जास्त वेळ लावलेला असतो. फॉस्फेट शोषणारं माध्यम घाला, दिवा कमी करा, नाहीतर औषध घाला. शेवाळाला कारण असतं आणि कारणावर उपाय असतो.

मामा : कारण आहे, पण ते तू सांगतेस तेवढंच नाही. नवा खडक म्हणजे मोकळं रान. जो आधी येतो आणि पटकन वाढतो तो जागा धरतो. डायाटम येतं, सिलिका संपली की जातं. त्याच्या जागी दुसरं येतं. सहा महिन्यांनी बघ, त्याच खडकावर जांभळट गुलाबी चुनखडी थर चढलेला असतो. तो कोरलाइन शेवाळाचा. तो दगडाला घट्ट चिकटतो, सावकाश वाढतो आणि जिथे तो वाढतो तिथे केसाळ शेवाळाला पाय रोवणं अवघड जातं. तू औषधाने पहिला भाडेकरू काढलास की खोली पुन्हा रिकामी. मग कोण येईल ते सांगता येत नाही.

पडीक जमिनीवर आधी तण येते, मग झुडपे, मग झाडे. तशीच ही क्रमवार वस्ती आहे. मामाचे भय निराधार नाही. पाण्यातले नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर आणलेल्या, निर्जंतुक खडकांच्या नव्या टाक्यांत डायनोफ्लॅजेलेट हे एकपेशीय जीव माजल्याचा अनुभव अनेकांना येतो. त्यांचे तपकिरी, बुडबुडे धरलेले तार-तार गोळे काढणे डायाटमपेक्षा कितीतरी कठीण असते. मात्र भाचीची अर्धी बाजूही खरी आहे. दिवा आठ-नऊ तासांपुरता ठेवणे, खाद्य मोजून घालणे, शेवाळ हाताने उपटून काढणे, टर्बो गोगलगायी आणि शंखात राहणारे हर्मिट खेकडे थोडे थोडे सोडणे ही कामे या काळात करायचीच असतात. थांबणे म्हणजे टाकीकडे पाठ फिरवणे नव्हे.

भरल्या ताटापुढे उपाशी

काळाची बाजू सर्वांत स्पष्ट दिसते ती मँडरिन नावाच्या छोट्या माशात. निळ्या अंगावर नारिंगी नागमोडी रेषा असलेला हा मासा पश्चिम प्रशांत महासागरातल्या प्रवाळांत राहतो. तो दिवसभर खडकावर हळूहळू सरकतो, थांबतो, डोळा एका ठिकाणी रोखतो, चोच मारल्यासारखे टिपतो आणि पुढे जातो. टिपतो ते मुख्यतः कोपेपॉड, म्हणजे मिलिमीटरभराचे वा त्याहून लहान कवचधारी जीव. कोरडे खाद्य तो सहसा ओळखतच नाही. दोन महिन्यांच्या टाकीत अमोनिया शून्य असतो, पाणी निर्दोष असते, वरून खाद्य पडत असते आणि मासा दिवसभर टिपत असल्याचे दिसते. पण खडकावर टिपण्यासारखे काही नसते. काही आठवड्यांत त्याचे पोट आत जाते, पाठीची कड उठून दिसते आणि तो मरतो.

मामा : आता सांग, कोणत्या नळीत, कोणत्या रंगात हे आधी दिसलं असतं?

भाची : नाही दिसलं असतं. पण मी असं म्हणेन की आपण चुकीची गोष्ट मोजत होतो. रात्री दिवे मालवून टॉर्च घेऊन काचेवर बघायचं. पांढरे ठिपके उड्या मारत सरकताना दिसले की कोपेपॉड आहेत. दर आठवड्याला त्याच चौकोनात किती दिसतात ते मोजायचं. वस्ती वाढत नाही तोवर मँडरिन आणायचा नाही.

मामा : म्हणजे तूसुद्धा थांबतेसच.

भाची : थांबते, पण कशासाठी थांबते ते मला माहीत असतं.

समुद्रफूल, म्हणजे अ‍ॅनिमोनी, आणि कठीण सांगाड्याची प्रवाळे यांनाही हेच लागू पडते. ती पाण्याच्या गुणांतले लहान चढउतार सहन करत नाहीत. म्हणून सहा महिन्यांपासून वर्षभर स्थिर राहिलेल्या टाकीतच ती ठेवावीत, असा जाणकारांचा सल्ला असतो.

मीठ, पाणी आणि वीज

स्थिरता हा शब्द रोजच्या कामात उतरवला की त्याचे हिशेब साधे असतात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. दोनशे लिटरच्या टाकीत ते सात किलो भरतात. बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात काही दिवसांत दहा लिटर पाणी उडाले तर तेच सात किलो क्षार १९० लिटरांत उरतात आणि क्षारता ३५ वरून जवळपास ३७ वर जाते. ही तूट भरायची ती गोड्या, गाळलेल्या पाण्याने. नवखा माणूस तिथे खारे पाणी ओततो आणि क्षारता आठवड्यागणिक चढत जाते.

पाणी बनवायला स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. उरण-पेणच्या मिठागरांत खाऱ्या पाण्यातून आधी जिप्सम खाली बसते, मग मीठ जमते आणि मॅग्नेशियमयुक्त कडवट पाणी वेगळे राहते. म्हणजे मीठ हाती येते तेव्हा समुद्रातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम त्यातून बहुतांशी निघून गेलेले असते. चौपाटीवरून पाणी भरून आणणे हाही मार्ग नव्हे, कारण शहरालगतच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेले असते आणि पावसाळ्यात क्षारता घसरते. क्लोरीनमुक्त आरओ पाण्यात मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्रक्षार मिसळणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

विजेचा प्रश्न महाराष्ट्रात वेगळा विचार मागतो. २५ अंशांना गोडे पाणी लिटरमागे आठ मिलिग्रॅमच्या वर प्राणवायू धरून ठेवते, समुद्राचे पाणी पावणेसातच्या आसपास. पाणी तापले की हे प्रमाण आणखी घटते. त्यात जिवाणूंनाही प्राणवायू लागतो. एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट करायला साडेचार ग्रॅमहून अधिक. मे महिन्यात वीज गेली, पंप थांबला, तर मासे आणि जिवाणू एकाच साठ्यावर जगतात. १८४६ साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळे लंडनला नेली. पाण्यात हवा खेळावी म्हणून उघड्या खिडकीपुढे रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतले जाई. आज बॅटरीवर चालणारा हवेचा पंप तेच काम करतो. तो मासे आणण्याआधी घरात असावा.

रोगाचे वेळापत्रक

थांबण्याचे आणखी एक कारण टाकीत नसते, ते नव्या माशाच्या अंगावर येते. क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी माशावर पांढरे ठिपके आणतो. काही दिवस माशाच्या त्वचेत राहून तो खाली पडतो आणि वाळूत गाठ करून बसतो. त्या गाठीतून पुढची पिढी सहसा चार आठवड्यांच्या आत बाहेर पडते, पण काही गाठी ७२ दिवसांपर्यंत टिकल्याची नोंद आहे. ठिपके गेले म्हणजे रोग गेला, असे समजणारा माणूस इथे फसतो. म्हणून प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे वेगळ्या टाकीत ठेवावा. याबाबत भाचीचे आणि मामाचे एकमत आहे. तिचे कारण जीवनचक्र, त्याचे कारण एका आठवड्यात रिकामी झालेली टाकी.

समुद्राचे देणे

या वादात तिसरी बाजूही आहे आणि ती बोलू शकत नाही. खाऱ्या पाण्याचे बहुतेक शोभेचे मासे आजही समुद्रातून पकडून आणलेले असतात. विदूषक माशासारख्या काही जातींची पैदास बंदिस्त जागेत होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने भारतातही ती करून दाखवली आहे. नव्या टाकीसाठी असेच मासे निवडावेत. प्रवाळांचा प्रश्न याहून कडक आहे. भारतात खडक बांधणारी प्रवाळे, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात स्थान मिळाले. लक्षद्वीप, अंदमान, मन्नारचे आखात, कच्छचे आखात इथल्या किंवा आपल्या मालवणच्या समुद्रातल्या प्रवाळाचा तुकडा टाकीसाठी उचलणे हा गुन्हा आहे. बाजारात ‘जिवंत खडक’ म्हणून काही समोर आले तर ते कुठून आले हे विचारावे आणि उत्तर मिळाले नाही तर घेऊ नये. सिरॅमिकचा किंवा कोरडा कृत्रिम खडक कायदेशीर असतो. तो वसायला जास्त वेळ घेतो, आणि तो वेळ द्यावा.

मामा : बघ, इथे घाई करणारा माणूस समुद्रातून वेळ चोरून आणतो. त्या खडकावर जे वसायला वर्षानुवर्षं लागली, ते त्याला एका दिवसात हवं असतं.

भाची : हे मी नाकारत नाही. मी फक्त एवढंच म्हणते की थांबा म्हणून नुसतं सांगितलं तर माणूस कंटाळतो आणि चुकतो. काय बघायचं, काय मोजायचं, हे हातात दिलं तर तो थांबतो.

निष्कर्ष

दोन्ही मते तपासली तर वाद दोन वेगळ्या क्रियांबद्दल आहे हे दिसते. दही लागते आणि लोणचे मुरते. नायट्रोजनचे चक्र लागण्याच्या जातीचे आहे. त्याला विरजण आहे, माप आहे आणि तयार झाल्याची खूण आहे. तिथे ठरावीक आठवडे मोजत बसण्यापेक्षा तपासणीवर विसंबावे. शेवाळांचा क्रम, कोपेपॉडांची वस्ती, खडकावरचा कोरलाइन थर आणि पाण्याच्या गुणांची स्थिरता ही मुरण्याच्या जातीची आहेत. तिथे कोणतीही बाटली महिन्यांची जागा घेत नाही. फक्त त्या महिन्यांत काय पाहावे, हे अभ्यासाने ठरवता येते.

त्यावरून नव्या टाकीचा क्रम असा बसतो. पहिल्या आठवड्यात पाणी, क्षार, तापमान आणि यंत्रे माशाशिवाय चालवून पाहावीत. पुढचे दोन ते सहा आठवडे जिवाणूंचे. अमोनिया घालून चोवीस तासांची परीक्षा घ्यावी आणि ती दोनदा उत्तीर्ण झाली की पाणी बदलून साठलेले नायट्रेट खाली आणावे. त्यानंतर विलगीकरण पूर्ण केलेला एक, फार तर दोन काटक मासे, आणि पुढच्या माशाआधी किमान दोन-तीन आठवड्यांचे अंतर. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात तपकिरी, लाल, हिरवे थर येतील आणि जातील. त्यांना हाताने आणि गोगलगायींनी आवरावे. सहा महिन्यांनंतर, आकडे आठवड्यांमागून आठवडे जागचे हलले नाहीत तर, कायदेशीर मार्गाने मिळालेल्या नाजूक जीवांचा विचार करावा. मँडरिन त्याही नंतर.

टाकीचा मालक चुकला तर त्याला पाणी ओतून पुन्हा सुरुवात करता येते. त्या पाण्यातल्या माशाला दुसरे पाणी नसते. म्हणून नवी टाकी भरणाऱ्या प्रत्येकाने मासा घ्यायला जाण्याच्या आदल्या दिवशी एक तपासणी करावी, दिवसाच्या उजेडात, पांढऱ्या कागदासमोर. नळीत हिरवी झाक दिसली तर दुकानात जाऊ नये.